चार जीबीतला संसार

१४ ऑक्टोबर २०२५ ला मंगळवार होता आणि वसुबारस तीन दिवसांवर आली होती. आधी जाहीर केल्याप्रमाणे मायक्रोसॉफ्टने त्या दिवशी विंडोज १० चे नियमित अपडेट थांबवले. कुणाचा संगणक बंद पडला नाही, पडद्यावर काही बदलले नाही, त्यामुळे बहुतेक घरांत आणि दुकानांत ही गोष्ट कुणाच्या लक्षातही आली नाही. पण २९ जुलै २०१५ पासून दर महिन्याला येणारी डागडुजी आता येणार नव्हती. सुरक्षेतले नवे भगदाड सापडले, तर ते तसेच उघडे राहणार होते.

विंडोज ११ वर जायचे, तर तिचा उंबरठा उंच आहे. ५ ऑक्टोबर २०२१ ला ही प्रणाली आली तीच अटी घेऊन. मदरबोर्डवर टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप हवी, सिक्युअर बूटची सोय हवी आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ किंवा त्यानंतरचा हवा. कॅनालिस या बाजार-अभ्यास संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये अंदाज मांडला होता, की या अटींपायी जगभरातले सुमारे २४ कोटी पीसी भंगारात जाऊ शकतात. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत एका वर्षाची वाढीव मुदत दिली. ती ३० डॉलर भरून किंवा आपली सेटिंग्ज त्यांच्या क्लाउडवर ठेवून मिळत होती. त्यापुढचा प्रश्न मात्र तसाच उरतो: धडधाकट चालणाऱ्या यंत्राचे करायचे काय?

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, पाट्यांवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, हा अशा यंत्रांचा जुना बाजार. कंपन्यांनी काही वर्षे वापरून काढलेले लॅपटॉप अशा बाजारांतून पुढे जातात ते शिकवणीच्या वर्गात, मेडिकलच्या काउंटरवर, कॉलेजला जाणाऱ्या मुलीच्या हातात. तालुक्याच्या गावात याहून जुना थर सापडतो. इंटेलच्या जी३१ चिपसेटचा मदरबोर्ड, त्यावर कोअर टू ड्युओ किंवा पेंटियम ड्युअल कोअर, डीडीआर२ जातीची रॅम आणि तीही जास्तीत जास्त ४ जीबी. असेंबल्ड पीसीत एके काळी हे बोर्ड सर्रास बसवले जात. मालकाची तक्रार ठरलेली असते, "मशीन फार हँग होतंय." उपायही ठरलेला, फॉरमॅट मारून पुन्हा विंडोज टाकायचे. थोडे दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच.

पुन्हा तेच होते, कारण दुखणे दुसरीकडे असते. दर मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी जुनी हार्ड डिस्क इथले थोडे, तिथले थोडे असे विखुरलेले वाचन सेकंदाला जेमतेम शंभरएक वेळा करू शकते. साधी साटा एसएसडी हेच काम हजारो वेळा करते. रॅम कमी पडली, की प्रणाली तिच्यातला मजकूर डिस्कवर उतरवून ठेवते आणि लागेल तेव्हा परत उचलते. डिस्क संथ असली, की कॅबिनेटवरचा लाल दिवा अखंड पेटलेला राहतो आणि माउस हलेनासा होतो. म्हणून प्रणाली बदलण्याआधी हार्ड डिस्क काढून १२० किंवा २४० जीबीची एसएसडी बसवावी. रॅमची एक पट्टी वाढवता आली, तर तीही वाढवावी. जुन्या यंत्रावर केलेल्या कुठल्याही खर्चाचा इतका गुण येत नाही. कोणती प्रणाली टाकायची हा निर्णय त्यानंतरचा.

खरे ओझे ब्राउझरचे असते. एचटीटीपी आर्काइव्ह हा प्रकल्प जगभरातल्या वेबपानांचे वजन मोजतो. त्याच्या नोंदींनुसार २०१० च्या अखेरीस मध्यम वजनाचे पान अर्ध्या एमबीच्या आत होते, २०२४ मध्ये डेस्कटॉपवरचे तसेच पान अडीच एमबीच्या पुढे गेले. त्यात २०१८ च्या जानेवारीत प्रोसेसरच्या रचनेतले स्पेक्टर आणि मेल्टडाउन हे दोष उघड झाले. त्यांपासून बचाव म्हणून क्रोमने त्याच वर्षी प्रत्येक संकेतस्थळाला स्वतंत्र प्रक्रियेत कोंडायला सुरुवात केली. सुरक्षा वाढली, पण रॅमचा खर्च १० ते १३ टक्क्यांनी वाढल्याचे गूगलनेच सांगितले. हलकी प्रणाली स्वतःसाठी काहीशे एमबी रॅम घेते. जीमेल, यूट्यूब आणि बँकेचे पान एकदम उघडले, तर त्याच्या कितीतरी पट रॅम ब्राउझर घेतो. प्रणाली हलकी हवी ती ब्राउझरला जागा सोडण्यासाठी. तिची स्वतःची दहा-वीस एमबीची बचत ही काही मिरवण्याची गोष्ट नाही. हे ध्यानात ठेवले, की निवड सोपी होते आणि 'सर्वांत हलकी कोणती' या शर्यतीतला रस कमी होतो.

ही शर्यत ज्या मैदानावर चालते ते लिनक्सचे. लिनस टॉर्वाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने २५ ऑगस्ट १९९१ ला आपल्या छंदाची वर्दी दिली, तेव्हा ती प्रणाली ३८६ प्रोसेसरसाठी लिहिलेली होती. लिनक्सचा गाभा सगळीकडे जवळपास एकच असतो. हलके-भारीपण येते ते त्याच्यावर बसवलेल्या डेस्कटॉपमुळे. खिडक्या, पॅनेल, मेनू, फाइल दाखवणारा प्रोग्रॅम, हा सगळा डोळ्यांना दिसणारा भाग म्हणजे डेस्कटॉप.

२०११ च्या एप्रिलमध्ये नोम या प्रमुख डेस्कटॉपची तिसरी आवृत्ती आली. ओळखीचा मेनू गेला, खालची पट्टी गेली, चांगले ग्राफिक्स कार्ड लागू लागले. खुद्द टॉर्वाल्ड्स वैतागले आणि एक्सएफसीईकडे वळले. ऑलिव्हिए फूर्दाँ या फ्रेंच प्रोग्रॅमरने १९९६ मध्ये सुरू केलेला हा डेस्कटॉप. त्याचे चिन्ह उंदीर आहे, आणि बदलाच्या बाबतीत तो कमालीचा सावध. वर्षानुवर्षे त्याची आवृत्ती बदलते, पण वापरणाऱ्याचा हात चुकत नाही. नोमच्या त्याच बदलावर अर्जेंटिनातल्या एका लिनक्स वापरकर्त्याने वेगळे उत्तर काढले. त्याने नोमची जुनी दुसरी आवृत्तीच उचलून पुढे चालवली आणि आपल्या देशातल्या हिरव्या पेयावरून तिचे नाव ठेवले माते. तैवानमध्ये हाँग जेन यी यांनी २००६ मध्ये एलएक्सडीई हा त्याहून सडपातळ डेस्कटॉप सुरू केला होता. पुढे तो दुसऱ्या एका प्रकल्पाशी जोडला गेला आणि त्यातून एलएक्सक्यूटी आला.

आज जुन्या पीसीसाठी जी नावे सुचवली जातात, त्यांतली बरीचशी या तीन-चार डेस्कटॉपांभोवतीच फिरतात. लिनक्स मिंट, लुबुंटू, एमएक्स लिनक्स ही त्यांपैकी. शे-दोनशे नावांच्या यादीला घाबरण्याचे कारण नाही.

लुबुंटूची कहाणी मात्र थांबून पाहण्यासारखी आहे. २०१० मध्ये पहिल्यांदा आलेली ही प्रणाली वर्षानुवर्षे 'जुन्या संगणकासाठी' म्हणून ओळखली गेली. २०१८ मध्ये तिच्या चमूने जाहीर केले, की यापुढे जुनी यंत्रे हे आमचे मुख्य लक्ष्य नाही आणि किमान किती रॅम हवी याचे आकडेही आम्ही देणार नाही. त्यांचे म्हणणे रास्त होते. जुने यंत्र कशाला म्हणायचे हे दर वर्षी बदलते, आणि आधुनिक ब्राउझरने किमान आकड्यांना अर्थच ठेवला नव्हता. लुबुंटू आजही हलकी आहे. पण दहा वर्षांपूर्वीचा सल्ला वाचून कुणी ती १ जीबीच्या यंत्रावर टाकली, तर त्याचा हिरमोड होईल. हलकेपणाचा सल्लाही शिळा होतो.

दुसरी भिंत ३२ बिटची. २००८ पासून सव्वा किलोच्या आसपासचे, दहा इंची पडद्याचे नेटबुक आले. त्यांतल्या अनेकांत इंटेलचा ॲटम एन२७० होता आणि तो फक्त ३२ बिटचा. अशा यंत्रांच्या वाटा एकेक करून बंद झाल्या. लिनक्सवरच्या क्रोमने ३२ बिटला मार्च २०१६ मध्ये निरोप दिला. उबुंटू या लिनक्स प्रणालीने २०१७ च्या १७.१० या आवृत्तीपासून डेस्कटॉपची ३२ बिट प्रत देणे थांबवले. डेबियन ही १९९३ पासून स्वयंसेवकांनी चालवलेली प्रणाली जुन्या यंत्रांचे शेवटचे मोठे आश्रयस्थान होती. ९ ऑगस्ट २०२५ ला आलेल्या तिच्या १३ व्या आवृत्तीत ३२ बिट यंत्रांसाठी गाभा आणि इन्स्टॉलर दोन्ही उरले नाहीत. एकतर ६४ बिटवर या, नाहीतर यंत्र निवृत्त करा, असे डेबियनने आपल्या टिपणात स्पष्ट लिहिले. त्याच वर्षी फायरफॉक्सनेही लिनक्सवरच्या ३२ बिट आवृत्तीचा शेवट जाहीर केला, १४४ ही तिची अखेरची नेहमीची आवृत्ती ठरली.

तरी वाट पूर्ण बंद नाही. डेबियन १२ वर बांधलेल्या काही प्रणाली ३२ बिटवर चालतात. त्यांत ग्रीसमधून येणारी अँटिएक्स सगळ्यांत काटक. तिच्यात नावाजलेला कुठलाही डेस्कटॉप नाही, आइसडब्ल्यूएम नावाचा एक खिडकी-व्यवस्थापक तेवढा आहे. ५१२ एमबी रॅमच्या यंत्रावरही ती उठून बसते. क्यूफोरओएस ही प्रणाली केडीई या डेस्कटॉपची जुनी तिसरी पिढी जिवंत ठेवून आहे आणि विंडोज एक्सपीची सवय असलेल्या हाताला ती चटकन जमते. पण हा आसरा कायमचा नाही हे आधी सांगितलेले बरे. डेबियन १२ ची दीर्घ मुदतीची डागडुजी जून २०२८ पर्यंतची आहे.

आणि एक बारीक गोष्ट. कोअर टू ड्युओ हा ६४ बिटचा प्रोसेसर आहे. कितीतरी घरांत त्याच्यावर ३२ बिट विंडोज ७ टाकलेले असते, म्हणून मालकाला यंत्रच ३२ बिटचे वाटते. प्रोसेसरचे नाव पाहून खात्री करावी, सिस्टिमच्या खिडकीत लिहिलेल्या आकड्यावर विसंबू नये. अशा यंत्राला ६४ बिटच प्रणाली द्यावी, कारण ब्राउझरचे भविष्य तिकडेच आहे.

पपी लिनक्सचे नाव न घेता हा विषय पुढे नेता येत नाही. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी कौलर यांनी २००३ मध्ये ती सुरू केली आणि नाव ठेवले आपल्या कुत्र्याचे. पपी पेनड्राइव्हवरून उठते, सगळी रॅममध्ये जाऊन बसते आणि मग पेनड्राइव्ह काढून घेतला तरी चालत राहते. हार्ड डिस्क मेलेल्या लॅपटॉपमधून लग्नाचे फोटो वाचवायचे असोत, की डिस्कच नसलेला पीसी चालू करायचा असो, अशा प्रसंगी तिच्यासारखी प्रणाली नाही. टायनी कोअर तर पंचवीसएक एमबीत मावते. तरी रोजच्या वापरासाठी या दोन्ही घरात आणू नयेत. पपीत वापरणारा माणूस मुळातच सर्वाधिकारी म्हणून काम करतो, तेव्हा एक चुकीचा क्लिक साऱ्या प्रणालीला भोवू शकतो. टायनी कोअरमध्ये साधी साधी गोष्टही स्वतः जोडून घ्यावी लागते. त्यातले कसब जाणकाराला आनंद देते. आईला व्हिडिओ कॉल लावायचा असतो, तेव्हा ते कसब तिच्या उपयोगाचे नाही.

मग घरासाठी, दुकानासाठी कोणती? ४ जीबी रॅम, ६४ बिट प्रोसेसर आणि एसएसडी असेल, तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती डोळे मिटून टाकावी. क्लेमाँ लफेव्र यांनी २००६ मध्ये सुरू केलेल्या या प्रणालीचा डाव्या कोपऱ्यातला मेनू, खालची पट्टी, घड्याळाची जागा हे सगळे विंडोज ७ वापरलेल्या माणसाला परके वाटत नाही. २०२४ च्या जुलैत आलेल्या २२ व्या आवृत्तीला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. २ जीबी हा तिने सांगितलेला किमान आकडा, सोयीने काम करायला ४ जीबी. अडले तर मदत मागायला तिचे जगभर वापरकर्ते आहेत, आणि जुन्या यंत्राच्या मालकाला रॅमइतकीच या गोष्टीची गरज असते. रॅम २ जीबीच असेल, तर एमएक्स लिनक्सची फ्लक्सबॉक्स आवृत्ती किंवा अँटिएक्स. त्याखाली गेलात, तर यंत्राला एकच काम नेमून द्यावे: टायपिंग, गाणी किंवा घरातल्या फाइलींची साठवण.

ज्याचे सारे काम ब्राउझरमध्येच चालते, त्याच्यासाठी क्रोमओएस फ्लेक्स हा वेगळा पर्याय आहे. नेव्हरवेअर नावाची न्यूयॉर्कची कंपनी जुन्या पीसीला क्रोमबुक बनवण्याचा उद्योग करत होती. डिसेंबर २०२० मध्ये गूगलने ती विकत घेतली आणि २०२२ च्या जुलैत फ्लेक्स सर्वांसाठी खुली केली. ४ जीबी रॅम आणि १६ जीबी जागा पुरते, अपडेट आपोआप येतात, बिघडण्यासारखे काही उरत नाही. पण गूगल खात्यावाचून तिच्यात फार काही करता येत नाही आणि अँड्रॉइडची ॲप तिच्यावर चालत नाहीत. इंटरनेट बेभरवशाचे असलेल्या गावात ती देऊ नये.

यूट्यूबचे एक दुखणे सगळ्याच प्रणालींत सारखे आहे. ते हल्ली व्हिडिओ ज्या नव्या पद्धतींनी दाबून पाठवते, त्या उलगडणारी सोय जुन्या ग्राफिक्समध्ये नसते, मग सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि पंखा घोंघावू लागतो. ब्राउझरला एचटूसिक्स्टीफोरिफाय नावाचे जोड-सॉफ्टवेअर लावले, की यूट्यूबकडून जुन्या पद्धतीचा व्हिडिओ मागवला जातो. ४८० पिक्सेलवर पाहायची तयारी असेल, तर पंधरा वर्षांच्या यंत्रावरही कीर्तन किंवा गणिताचा तास नीट दिसतो.

कमी ताकदीच्या यंत्रावर खास त्याच्यासाठी घडवलेली प्रणाली चालवण्याचा प्रयोग महाराष्ट्राने फार आधी पाहिला आहे. एमआयटी मीडिया लॅबच्या निकोलस नेग्रोपाँटे यांनी २००५ मध्ये 'एका मुलामागे एक लॅपटॉप' ही मोहीम मांडली. भारताच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने ती २००६ मध्ये नाकारली. तरी २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या कर्जतजवळच्या खैराट धनगरवाडा या वस्तीवरच्या एकशिक्षकी शाळेत ते हिरव्या-पांढऱ्या रंगाचे एक्सओ लॅपटॉप पोचले. देशातला तो पहिला प्रयोग. यंत्रात ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, १ जीबी साठवण. प्रणाली फेडोरा लिनक्सची आणि तिच्यावर शुगर नावाचा डेस्कटॉप. शुगरमध्ये फोल्डर नव्हते. मुलाने काय केले ते तारीखवार एका रोजनिशीत आपोआप जमत जाई, आणि शेजारच्या मुलाच्या लॅपटॉपशी थेट जोडून एकत्र काम करता येई. २५६ एमबीत हे सगळे बसले, कारण ते बनवणाऱ्यांनी आधी मुलांचा विचार केला आणि मग प्रोग्रॅम लिहिले. त्या मोहिमेच्या मोठ्या आश्वासनांचे पुढे काय झाले यावर पुष्कळ वाद झाले. शुगर मात्र टिकली, आणि पेनड्राइव्हवरून कुठल्याही जुन्या पीसीवर आजही चालते.

केरळने हे मोठ्या प्रमाणावर करून दाखवले. तिथल्या शाळांमधली संगणक योजना २००१ मध्ये सुरू झाली आणि हळूहळू पूर्णपणे मुक्त सॉफ्टवेअरवर आली. आता 'काइट' ही सरकारी संस्था ती सांभाळते. २०१९ मध्ये तिने उबुंटूवर बांधलेली आपली प्रणाली दोन लाखांहून जास्त संगणकांवर देण्याचे जाहीर केले आणि त्यातून ३,००० कोटी रुपयांचा परवाना-खर्च वाचतो असा हिशेब मांडला. तो आकडा बाजूला ठेवला, तरी लक्षात घेण्याजोगी गोष्ट दुसरीच आहे. केरळच्या पाठ्यपुस्तकात जो प्रोग्रॅम आहे तोच शाळेतल्या पडद्यावर असतो, शिक्षकाचे प्रशिक्षण त्याच्यावरच झालेले असते, आणि 'लिटल काइट्स' नावाच्या शालेय गटांतली मुले त्या यंत्रांत लक्ष घालतात. महाराष्ट्रात एमएस-सीआयटीने २००१ पासून लाखो लोकांना संगणकाशी पहिली ओळख करून दिली. ते काम मोठे आहे. पण ती ओळख बहुतांशी विंडोज आणि ऑफिसची झाली, आणि त्यामुळे 'लिनक्स टाका' म्हटले, की तालुक्याच्या दुकानात आजही हात आखडतो. टाकणारा आहे, पण उद्या अडले तर सांगणारा कोण?

मराठीची अडचण वाटते त्याहून लहान आहे, पण ती आधी सोडवावी लागते. अगदी छोट्या प्रणालींत देवनागरी फॉन्ट नसतात आणि मराठी पान उघडले, की चौकोनांच्या रांगा दिसतात. रेड हॅटने मुक्त परवान्याने दिलेले लोहित किंवा गूगलचे नोटो फॉन्ट घातले, की काम भागते. फॉन्ट निवडताना ल आणि श मराठी वळणाचे येतात का, 'दर्‍या'तला र्‍य नीट जुळतो का, एवढे पाहावे. टायपिंगसाठी बहुतेक जण आयबस नावाचा प्रोग्रॅम बसवतात. तो चांगला आहे, पण सतत रॅममध्ये बसून राहतो. लिनक्सच्या मूळ कीबोर्ड-सेटिंगमध्येच इनस्क्रिप्ट आणि 'मराठी कगप' हा उच्चारानुसारी आराखडा आहे, आणि त्याला वेगळा प्रोग्रॅम लागत नाही. १ जीबीच्या यंत्रावर हा फरक जाणवतो. लिब्रे ऑफिसचे मेनू मराठीत करता येतात. भारत सरकारच्या सी-डॅकने २००७ पासून काढलेली डेबियनवर आधारित 'बॉस' ही प्रणाली तर भारतीय भाषांसाठीच आहे, फक्त ती फार हलकी असेल अशी अपेक्षा ठेवू नये.

आता जिथे लिनक्स टाकू नये अशा जागा. त्या लपवल्या, तर जुन्या यंत्राच्या मालकाचे नुकसान होते आणि लिनक्सचे नावही खराब होते.

झेरॉक्सच्या दुकानांत सर्रास दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० हा प्रिंटर कंपनीच्या खास कॅप्ट भाषेत बोलतो. लिनक्ससाठी त्याचा ड्रायव्हर आहे, पण तो बसवणे कटकटीचे आहे आणि अपडेटनंतर तो रुसू शकतो. एचपीच्या लेझरजेट १०२० ला दर वेळी चालू केल्यावर संगणकाकडून फर्मवेअर भरवावे लागते. ती सोय एचपीच्या लिनक्स सॉफ्टवेअरमध्ये आहे, एक जादा प्लगइन घेतले की झाले. म्हणजे दोन्ही प्रिंटर चालू शकतात, पण दुकानाच्या गर्दीच्या दिवशी प्रयोग करू नये. टॅली लिनक्ससाठी मिळत नाही. सेवा केंद्रातल्या बोटांच्या ठशांच्या यंत्रांची सॉफ्टवेअरे मुख्यत्वे विंडोज आणि अँड्रॉइडसाठीच असतात. जिथे पोट यांवर चालते तिथे विंडोज राहू द्यावे आणि यंत्र बदलण्याचाच विचार करावा.

मुद्रणाचे जग तर खासच. दिवाळी अंक, लग्नपत्रिका, गावातले साप्ताहिक यांचा मोठा साठा ॲडोबीच्या पेजमेकरमध्ये आहे. त्याची शेवटची ७.० ही आवृत्ती २००१ ची. त्याच्या जोडीला पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्री-लिपीची किंवा सी-डॅकच्या आयएसएमची जुनी आवृत्ती. तिथला मजकूर युनिकोडमध्ये नसतो, त्या फॉन्टशिवाय तो वाचताच येत नाही. अशा कचेरीत विंडोज एक्सपीचे यंत्र हीच जुन्या अंकांची किल्ली असते. ते पुसू नये. त्याचे नेटचे केबल काढून टाकावे आणि ते तसेच चालू ठेवावे, जुने अंक उतरवून युनिकोडमध्ये आणायचे काम हळूहळू करावे. नव्या कामासाठी स्क्रायबस हा मुक्त प्रोग्रॅम आहे. २०२४ च्या जानेवारीत आलेल्या त्याच्या १.६ या स्थिर आवृत्तीत देवनागरी जोडाक्षरे व्यवस्थित बसतात.

नेटचे केबल काढा म्हणण्यामागे कारण आहे. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा खंडणीखोर विषाणू जगभर पसरला आणि ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांतल्या शस्त्रक्रियासुद्धा पुढे ढकलाव्या लागल्या. ज्या भगदाडातून तो शिरला, त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिली होती. बळी गेली ती दुरुस्ती न घेतलेली यंत्रे. अपडेट थांबलेल्या विंडोजवर बँकेचे व्यवहार करणे म्हणजे हा धोका जाणूनबुजून पत्करणे. सक्षम यंत्र असूनही माणसाला या जागी ढकलले जाते, म्हणून हलक्या प्रणालींचे काम महत्त्वाचे आहे.

भंगाराचा हिशेबही आहेच. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ मध्ये काढलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्केच नीट गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे. भारतात १ एप्रिल २०२३ पासून नवे ई-कचरा नियम लागू आहेत, तरी बराच माल आजही दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत हातांनी फोडला जातो. लॅपटॉपच्या आयुष्यभराच्या कार्बन-भारातला मोठा वाटा तो बनवतानाच खर्ची पडलेला असतो, हे कंपन्यांचे स्वतःचे हिशेब सांगतात. तेव्हा तो आणखी पाच वर्षे वापरणे हीच मोठी बचत. अपवाद पेंटियम ४ चा. त्याच्या वरच्या आवृत्त्यांचा नुसता प्रोसेसरच ११५ वॉटपर्यंत तापतो आणि बदल्यात आजच्या ब्राउझरचे एक पानही धड दाखवत नाही. त्याला निरोप द्यावा आणि अधिकृत संकलकाकडे सोपवावा.

ठरवण्याआधी प्रणाली काहीही न पुसता चालवून पाहता येते, ही लिनक्सची मोठी सोय आहे. मिंटची फाइल उतरवून घ्यायची, व्हेंटॉय किंवा रूफस वापरून ८ जीबीचा पेनड्राइव्ह बूटेबल करायचा आणि यंत्र त्याच्यावरून सुरू करायचे. हार्ड डिस्कवर काहीही लिहिले जात नाही. वायफाय लागते का ते आधी पाहावे, कारण ब्रॉडकॉमची काही जुनी कार्डे वेगळा ड्रायव्हर मागतात. मग आवाज, वेबकॅम, आणि लॅपटॉप झाकण लावल्यावर झोपून पुन्हा उठतो का. आपला प्रिंटर जोडून एक पान छापावे. मराठीत एक परिच्छेद टाइप करून तो मेलने स्वतःला पाठवावा आणि मोबाइलवर उघडून बघावा. ज्याचे यंत्र आहे त्याला समोर बसवून हे करावे, आणि मेनू उघडताना माउस त्याच्याच हातात असू द्यावा. पेनड्राइव्हवरून सगळे किंचित संथ चालते, त्यावरून वेगाचा अंदाज बांधू नये. हे जमले, तर फोटो, कागदपत्रे आणि टॅलीचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घ्यायचा, ती डिस्क काढून बाजूला ठेवायची, आणि मगच 'इन्स्टॉल' वर क्लिक करायचे. जुनी हार्ड डिस्क बदलून एसएसडी घातली असेल, तर ती जुनी डिस्क पुसू नये. त्यातले विंडोज जसेच्या तसे राहते, आणि महिन्याभरात काही अडलेच तर दोन स्क्रू काढून ती परत लावता येते.